केतकीच्या घाटावरची शंका

एकदा एका नगरातली नदी खरोखरच स्वच्छ झाली आणि नेमकं तेच कुणाला पटेना. नदीचं नाव केतकी. नाव मोठं सुवासिक, पण तीन पिढ्या त्या नगरातली माणसं पुलावरून जाताना नाकाला पदर नाहीतर रुमाल लावत आली होती. सरकारी कागदात ती नदी होती, लोकांच्या तोंडी गटार.

आता लोकांनाही दोष देता येत नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या माणसांचं तोंड तर तीनदा पोळलं होतं. पहिल्यांदा नगरपालिकेनं केतकी स्वच्छ केली ती एका मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी. दोन्ही काठांना हिरवं कापड लावलं, वरच्या धरणातून दोन दिवस पाणी सोडलं. मंत्री गेले, मागोमाग कापडही गेलं. दुसऱ्यांदा टँकर लावून सुगंधी औषध फवारलं. त्या आठवड्यात धड घाणीचा वास येईना, धड फुलांचा येईना, नुसतं मळमळायला लागलं. तिसऱ्यांदा तर फक्त घाट रंगवला आणि फलक लावला. तेव्हापासून नगरपालिकेचा माणूस नदीकडे वळला की बायका एकमेकींना म्हणत, कुठंतरी पाणी मुरतंय गं बाई.

चौथ्या खेपेला ते काम अच्युतकडे आलं. अच्युत नगरपालिकेत जलअभियंता होता. चाळिशीतला, सरळ वृत्तीचा आणि जरासा मानी. पाच वर्षं त्यानं सण पाहिला नाही की वार पाहिला नाही. नदीत उघडे सुटलेले नाले एकेक करून मोठ्या नळात घेतले. घाटाच्या वरच्या अंगाला शुद्धीकरण केंद्र उभं केलं. तिथं घाण पाणी निवळायचं, त्यात हवा खेळवायची आणि मगच ते नदीत सोडायचं, असं काम रात्रंदिवस चाले. पाणी पिण्याजोगं झालं नव्हतं आणि तसा त्याचा दावाही नव्हता. पण मासा जगेल, धुणं धुता येईल, पाय बुडवून बसता येईल इतकं ते झालं होतं. त्यानं तसा अहवाल लिहिला, वर्तमानपत्रातही तो छापून आला. लोकांनी वाचला, त्याच कागदावर भजी खाल्ली आणि पुलावरून पिशव्या भिरकावणं चालू ठेवलं. गटारात नाही टाकायचं तर टाकायचं कुठं?

अशात नगराला नवे नगराध्यक्ष लाभले. गृहस्थ बोलायला गोड. त्यांचं म्हणणं असं की, लोक ज्याला गटार म्हणतात ते झाकलेलं बरं. केतकीवर घाटापासून पुलापर्यंत स्लॅब टाकायचा आणि वर दुकानांचे गाळे काढायचे. महिन्याभरानं सर्वसाधारण सभेत तो प्रस्ताव येणार होता. एकदा स्लॅब पडला की नदी कायमची अंधारात जाणार होती आणि तिच्याबरोबर अच्युतची पाच वर्षंही.

अच्युतला एकच वाट दिसली. घाटाशेजारच्या धर्मशाळेत एक वृद्ध गुरुजी राहत. अर्ध्या नगराला त्यांनी अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, अच्युतलाही. त्यांनी कधी कुणाची भीड धरली नाही की कुणाला बरं वाटावं म्हणून शब्द फिरवला नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी चारचौघांत केतकीच्या पाण्याचं आचमन केलं, तर गावाचा संशय फिटेल, असं अच्युतच्या मनानं घेतलं. त्यानं नगराध्यक्षांना विचारलं, आणि नवल म्हणजे नगराध्यक्ष चटकन तयार झाले. गुरुजी जर प्याले, तर प्रस्ताव आपण मागे घेऊ, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. गुरुजींनीही रथसप्तमीला घाटावर यायचं कबूल केलं. अच्युतला वाटलं, जिंकलं!

फक्त एक गोष्ट त्याला खटकली. रथसप्तमीच्या दोन दिवस आधी केंद्राकडे जाताना धर्मशाळेच्या दाराशी त्याला नगराध्यक्षांची गाडी उभी दिसली. गुरुजींकडे यांचं काय काम, असा किडा डोक्यात वळवळला, पण त्यानं तो झटकून टाकला. गुरुजींवर संशय घ्यायचा म्हणजे पाप, असं त्याचं मन त्याला सांगत राहिलं.

रथसप्तमीला घाट माणसांनी फुलून गेला. नगराध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते. गुरुजी काठी टेकत एकेक पायरी उतरले, वाकले, ओंजळभर पाणी घेतलं. अच्युतचा जीव डोळ्यांत आला होता. गुरुजींनी ती ओंजळ तोंडाशी नेली नाही. उन्हात धरून ते पाणी बराच वेळ न्याहाळलं आणि बोटं सैल करून परत नदीत सोडून दिलं.

मग ते लोकांकडे वळून म्हणाले, "मला शंका आहे. आजचं पाणी मी पाहिलं, उद्याचं मला ठाऊक नाही. ज्याच्या मनात माझ्यासारखी शंका असेल, त्यानं रोज सकाळी इथं यावं आणि आपल्या डोळ्यांनी पाहावं."

एवढं बोलून ते पायऱ्या चढून निघून गेले. घाटावर एकच कुजबुज उठली. आम्ही म्हणत नव्हतो का, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. कुणी अच्युतकडे पाहून हसलं, कुणी कीव केली. पाच वर्षांच्या कामावर आपल्याच गुरूनं पाणी ओतलं, असं अच्युतला वाटलं. आणि झटकून टाकलेला तो किडा आता पुन्हा वळवळू लागला. ती गाडी! तरीच नगराध्यक्ष इतक्या चटकन तयार झाले होते.

तो तडक धर्मशाळेत गेला. नमस्कारही न करता त्यानं विचारलं की, परवा नगराध्यक्ष इथं आले होते का. गुरुजी शांतपणे हो म्हणाले. शाल घेऊन आले होते, ती परत पाठवली, असंही त्यांनी सांगितलं. मग आज त्यांच्याच मनासारखं का केलंत, असं अच्युतनं चढ्या आवाजात विचारलं.

"अच्युता, बैस आधी," गुरुजी म्हणाले. "ते काय मागायला आले होते, ते तर विचार. आचमन कराच, असं सांगायला आले होते."

अच्युत खाली बसला. हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुझ्यापेक्षा त्यांनाच माझ्या आचमनाची घाई होती. तिथंच मला शंका आली. अरे, मी प्यालो असतो तर लोक निश्चिंत होऊन घरी गेले असते. मग नदीकडे कोण बघणार होतं? प्रस्ताव त्यांनी आज मागे घेतला असता, पण उद्या केंद्र बंद पडलं, पाणी पुन्हा काळं झालं, की हेच गृहस्थ म्हणणार, बघा, गुरुजीही फसले, आता झाकल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या वेळी तुझ्या बाजूनं बोलायला एक माणूस उरला नसता." गुरुजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आणि तुझ्या अहवालात हे पाणी पिण्याचं आहे, असं लिहिलंयस का?"

अच्युतनं मान खाली घातली. नाही, असं लिहिलेलं नव्हतं.

"मग जे तू लिहू धजला नाहीस, ते माझ्याकडून का करून घेत होतास? गावाला संशय आहे, तो काढून टाकायची तुला घाई झालीय. तो काढू नकोस. घरी बसून नुसतं नाक मुरडणारा संशय कुणाच्याच कामाचा नाही. त्याला नदीवर आण, मग तो राखण करील."

अच्युतला हे बोलणं समजलं, पण पटलं मात्र नाही. खरं सांगायचं तर तो रागातच घरी गेला. आपल्या कामात खोट नाही, ही त्याची खात्री जराही हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर पंधरा-वीस माणसं हजर! गुरुजींना शंका आली म्हणजे काहीतरी असणारच, आणि ते शोधून नगरपालिकेला उघडं पाडायचं, या एकाच उत्साहानं आली होती. त्यांत कोंडाबाई परटीण होती. तिचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग ओळखण्यात गेलेलं. तिनं पांढऱ्या धोतराचं एक फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि घाटाच्या कठड्यावर वाळत घातलं. निवृत्त पोस्टमन दस्तगीरचाचा गळ टाकून बसले. मासा मिळाला तर नदी जिवंत, नाहीतर अभियंता खोटा, असं त्यांनी जाहीर केलं. दोन तासांनी बोटाएवढा मासा लागला. चाचांनी तो उलटसुलट करून पाहिला, मग नगरपालिकेनं मुद्दाम सोडला असेल असं म्हणाले आणि पाण्यात परत टाकला.

रोज माणसं वाढू लागली. कोंडाबाईचं फडकं हा गावाचा रोजचा पेपर झाला. जाता-येता लोक कठड्याकडे बघत. आणखी एक गंमत झाली. नगरपालिकेची घाण पकडायला जमलेल्या माणसांसमोर पुलावरून पिशवी टाकायची कुणाची छाती होईना. एकानं टाकली, तर दस्तगीरचाचांनी ती गळानं ओढून काढली आणि त्याच्या घरी नेऊन दिली. पोस्टमनच तो, पत्ता काढायला कितीसा वेळ लागणार?

अकराव्या दिवशी फडक्यावर करडा पट्टा उमटला.

घाटावर जणू सण झाला. सापडलं, सापडलं, म्हणत शेपन्नास माणसं ते फडकं निशाणासारखं धरून केंद्राच्या फाटकावर धडकली. अच्युत बाहेर आला. हे नगराध्यक्षांच्याच माणसांचं कारस्थान, असं त्याला मनातून वाटलं. माझ्या केंद्रात काही बिघडलेलं नाही, असं तो ठामपणे म्हणाला, आणि हवं तर आत येऊन पाहा, म्हणून त्यानं फाटक उघडलं. सगळे आत शिरले. हवा खेळवणारा मोठा पंप मुकाट उभा होता. पहाटेपासून तो बंद पडला होता, आणि साहेब रागावतील या धाकानं तिथल्या कामगारानं ते कुणाला सांगितलंच नव्हतं. अच्युतच्या कागदांवर ही गोष्ट आठवड्यानं आली असती, कदाचित आलीही नसती.

अच्युतनं त्या पंपाकडे पाहिलं, मग कोंडाबाईच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. त्याला फार लाज वाटली. ज्या संशयाचा त्याला इतका राग येत होता, तो खरा निघाला होता आणि त्याची खात्री खोटी.

"पंप बंद होता," तो म्हणाला. "चूक आमची आहे. तुम्ही आला नसता तर मला कळलंही नसतं."

जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. नगरपालिकेच्या माणसानं चूक कबूल करावी, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ओरडायची तयारी करून आलेल्यांना आता काय करावं ते सुचेना. शेवटी कोंडाबाईनं फडकं खांद्यावर टाकलं आणि उद्या परत बघू, एवढंच म्हणून ती निघाली. दुपारपर्यंत पंप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी फडकं पांढरं होतं, तरी लोकांनी तिसऱ्या दिवशीही येऊन पाहिलं.

सभेच्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. नगराध्यक्षांनी गोड शब्दांत स्लॅबचा प्रस्ताव वाचला. लोकांच्या सोयीसाठी, आरोग्यासाठी, वगैरे वगैरे. वाचून झालं तशी मागून कोंडाबाई उठली.

"साहेब, झाकायचं कशाला? झाकलं तर आम्ही फडकं बुडवायचं कुठं?"

आणि मग त्या सभागृहात तीन पिढ्यांचा साठलेला संशय जागा झाला. काही लपवायचं असल्याशिवाय कुणी झाकतं का, गाळे कुणाच्या नावावर होणार, इतकी घाई कशाची, असे प्रश्नांवर प्रश्न आले. नगराध्यक्षांनी घाम पुसला आणि प्रस्ताव मागे घेतला. अच्युतला एक शब्दही बोलावा लागला नाही.

पुढं दोनेक महिन्यांनी अच्युत पेढे घेऊन धर्मशाळेत गेला. रागावलो होतो म्हणून त्यानं क्षमा मागितली. मग मोठ्या आनंदानं तो सांगू लागला की, आता लोकांचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसलाय. हल्ली घाटावर कोंडाबाई आणि दस्तगीरचाचांशिवाय कुणी येतही नाही. लोक म्हणतात, अच्युतराव आहेत ना, आपण कशाला बघायला हवं?

गुरुजींनी तोंडाशी नेलेला पेढा खाली ठेवला.

"मग पेढे कसले वाटतोस?" ते म्हणाले. "जा, आधी हा विश्वास निस्तर. कोंडाबाई म्हातारी आहे, आणि तूही कायमचा नाहीस."

अच्युत उठला. या वेळी त्यानं कारण विचारलं नाही, तो बंद पंप आठवताच ते त्याला कळून चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आळीआळीत फिरला. दारं ठोठावून तो प्रत्येकाला विनवत होता की, माझ्यावर विसंबू नका, चला, पाणी बघायला चला. लोक दार किलकिलं करून त्याच्याकडे बघत. मग आत वळून हळूच म्हणत, अधिकारी स्वतः बोलवायला आलाय म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलंय.

आणि पायात चपला सरकवून सगळेच्या सगळे घाटाकडे निघाले. अच्युत त्यांच्या मागून चालत होता. लोक आपल्यावर संशय घेताहेत, याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच समाधान वाटलं.

आपल्या गावच्या पाण्यावर आपण शेवटची शंका कधी घेतली होती, एवढं ज्याचं त्यानं आठवून पाहावं.