सगुणाचं जातं

आंबळेवाडीच्या माळावर सटवाईचं छोटं देऊळ आहे. देवळासमोरच्या सपाट खडकावर एक जातं ठेवलेलं असतं, भाकरीएवढंही नाही, बाहुलीच्या संसाराला शोभेल असं. खाली वाडीतल्या सगळ्या घरांत दिवे लागल्याशिवाय या देवळात दिवा लागत नाही. देवाच्या आधी घरात दिवा, हे मी कुठंच पाहिलं नव्हतं. म्हणून इथले गुरव, बयाजीनाना, यांना विचारलं, तर ते आधी माझ्या भाचीकडे बघत राहिले. रेवा खडकावर बसून ते जातं फिरवत होती.

"खेळू दे तिला," नाना म्हणाले. "फक्त तुम्ही तिच्याजवळ बसा, ताई."

मी रेवाशेजारी जाऊन बसले.

मग नाना सांगू लागले. पूर्वी म्हणे, आजारातून मूल उठलं की घरचे सटवाईला एक खेळणं वाहायचे. मातीचे बैल, लाकडी बाहुल्या, पाथरवटानं घडवलेलं हे जातं. खेळणी देवीची, म्हणून सगळ्या पोरांची. घरी मात्र न्यायची नाहीत. देवळात दिवा लागला की गुरव ती कोनाड्यात ठेवी.

त्या पोरांत सगुणा नावाची एक होती. आईबाप रानात आणि हिच्या कडेवर धाकटा भाऊ. तो निजला की मगच हिचे हात मोकळे व्हायचे, तोवर ऊन उतरलेलं असायचं. तिला जातंच हवं असे. ओच्यात मूठभर ज्वारी घेऊन ती वाट बघत बसायची. जातं हाती आलं, चार दाणे घातले, की गुरवाची हाक यायचीच, "चला रे, दिवेलागण झाली!"

"एवढे दळू द्या की, काका."

"उद्या पहिली तू," गुरव म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरायचा. पहिली असायची त्याची लेक भागी. "सगुणे, तू दळेस्तोवर आम्ही म्हाताऱ्या होऊ!" असं वर चिडवायची.

एका संध्याकाळी सगुणा रडली नाही की हट्ट केला नाही. नुसतं म्हणाली, "काका, आज तरी उद्या म्हणू नका." गुरवाच्या तोंडून सवयीनं तेच गेलं.

त्या रात्री दोघं भावंडं घरी आलीच नाहीत. शोधल्यावर भाऊ सापडला, बोरीखाली गाढ झोपलेला. सगुणा सापडली नाही. विहिरी, ओढे, सगळं पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी भागीनं जातं धरलं, ते दिवा लागला तरी सोडेना. बाप ओरडला. आईनं बोटं उकलायला पाहिलं. रिकामं जातं घरघरत राहिलं. तळहाताची सालटं निघाली तरी हात फिरतच होता.

"मी नाही फिरवत, बाबा," भागी हुंदके देत म्हणाली. "माझ्या हातावर तिचा हात आहे."

तेव्हा गुरवानं देवीपुढचा दिवा स्वतःच्या हातानं शांत केला, असं सांगतात. जात्यात ज्वारी घातली आणि खडकावर डोकं टेकलं. "दळ, पोरी. तुझं होईस्तोवर, खाली वाडीतलं शेवटचं घर उजळेस्तोवर, इथं दिवा लावणार नाही. माझ्या वंशातही कुणी लावणार नाही."

भागीचा हात गळून पडला. जातं मात्र आणखी थोडा वेळ फिरत राहिलं.

आजही नाना संध्याकाळी जात्याशेजारी मूठभर ज्वारी ठेवतात आणि वाडीतले दिवे लागेपर्यंत तसेच थांबून राहतात. सकाळी दाणे नसतात, म्हणे.

"पाखरं खात असतील," मी म्हटलं. आवाज उगाच मोठा निघाला.

"पाखरं दाणे खातील, ताई. पीठ करून ठेवणार नाहीत."

खाली दिवे लागू लागले होते. मी घाईघाईनं रेवाचा हात धरला.

"मावशी, थोडंच राहिलंय ना!" तिचे डोळे भरून आले. "मग परत कधी?"

ओठांवर आलेला 'उद्या' मी गिळला आणि तिच्याशेजारी पुन्हा बसले. "तुझं होऊ दे," म्हटलं. हातातली काडेपेटी नानांनी परत खिशात ठेवली.

रेवानं जात्याला आणखी दोन फेरे दिले. मग आपणहून थांबली. फ्रॉकनं जातं पुसलं आणि त्याचा खुंटा पलीकडे, खडकाच्या रिकाम्या बाजूला वळवून ठेवला.

"घे, आता तू," ती म्हणाली.

कुणाला, ते मी विचारलं नाही.