बंद दार ठोठावणारा

“मग उघडं काय ठेवलंस?” दस्तगीर सरांनी विचारलं.

“काहीच नाही, सर. सर्व्हरचे सगळे पोर्ट बंद. माझा लॅपटॉप सोडला तर कुणालाच आत वाट नाही.”

निनादची छाती फुगली होती. दुर्मीळ रक्तगटाचे दाते शोधून देणारी वेबसाइट तो मिरजेतून चालवायचा. गेल्या आठवड्यात डेटाबेसचा पोर्ट, म्हणजे दात्यांच्या यादीकडे जाणारा दरवाजा, साऱ्या जगाला उघडा राहिला आणि कुणीतरी आत शिरून दात्यांची नावं पुसून टाकली. त्याला कॉलेजात नेटवर्किंग शिकवणारे दस्तगीर सर आता निवृत्त होते. तरी दिवसभर शेजारी बसून त्यांनी जुन्या बॅकअपवरून नाव न् नाव परत मिळवून दिलं. त्याबद्दल आभार मानायला तो आज आला होता. आणि हो, चोरांना अडवणारी आपली नवी फायरवॉल दाखवायलाही.

“परवापासून एकही चोर फिरकला नाही, सर.”

“आणि रक्त मागणारा?”

“तोही नाही.” निनाद हसला. “बरंच आहे की. कुणाला गरजच पडली नाही.”

सरांनी आपल्या मोबाइलवर तीच वेबसाइट लावली आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला.

कोऱ्या पडद्यावर चक्र फिरत राहिलं... फिरतच राहिलं.

निनादचं हसू मावळलं.

“सर, माझ्याकडे तर उघडत होती...”

“तुला उघडणारच.”

त्यानं घाईघाईनं लॅपटॉप काढला. वेबसाइटकडे येणाऱ्यांचा पोर्ट, ४४३, सगळ्यांसाठी खुला केला. डेटाबेसचा बंदच ठेवला. सर नुसते बघत होते.

थोड्याच वेळात एक निरोप येऊन पडला. मुलीचं ऑपरेशन उद्या सकाळी, बॉम्बे रक्तगट हवा आहे. खाली बापानं लिहिलं होतं, ‘परवापासून तुमची साइट लावून बघतोय. आत्ता लागली.’

निनादनं जयसिंगपूरच्या दात्याला फोन लावला.

“निघालोच,” पलीकडून आवाज आला.

फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. तो वाकून सरांच्या पाया पडला.

“तुमचे उपकार कसे फेडू, सर? तुम्ही नसता तर...”

सरांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

“माझे कसले उपकार... बंद दार ठोठावायचं ज्यानं सोडलं नाही, त्याचे मान.”