राजाची उचकी आणि गोजराबाईचं मौन

"औषध विकायचं, सांगायचं नाही! सांगणं फक्त राजवैद्यांचं काम!" असा मानाजीराजांचा हुकूम होता. तरीही काष्ठौषधी विकणाऱ्या गोजराबाईनं एका रडत्या लेकराच्या आईला सांगितलं, "ओव्याची पुरचुंडी कोमट कर आणि पोट शेक."

लेकरू हसलं. गोजराबाई मात्र दरबारात उभी राहिली.

"दुकानाला टाळं!" राजे गरजले.

"महाराज, लेकराची आई आधी वैद्यबुवांकडेच गेली होती. पण आज श्रावणी सोमवार. त्यांना मौन!"

राजांशेजारी बसलेल्या वैद्यांनी, धुंडिराजशास्त्र्यांनी, डोळे मिटून मान डोलावली. सोमवारी सूर्यास्तापर्यंत ते अवाक्षर बोलत नसत. मोठं कडक व्रत हो! शंकर पावो त्यांना.

राजे पुढे काही बोलणार, तोच... "उक्!"

पाणी झालं, साखर झाली, उचकी थांबेना. राजांनी आशेनं शास्त्रीबुवांकडे पाहिलं. बुवांनी नुसतं मावळतीकडे बोट दाखवलं.

"गोजरा, तू... उक्!... तू सांग!"

"मला बंदी आहे ना, महाराज! त्यांना व्रताचं मौन, मला हुकमाचं."

राजेही हट्टी. "हुकूम मोडायचा नाही! औषध द्यायचं नाही, सांगायचं नाही. तरी उचकी थांबव, दुकान तुझं. नाहीतर... उक्!... टाळं!"

गोजराबाईनं पदर सावरला. "उचकीला औषध कशाला? कोणीतरी आठवण काढतंय. बरोबर नाव घ्या, थांबेल."

"राणीसाहेब! उक्! सासूबाई! उक्! उक्!"

"घरातलं कुणी नाही, महाराज. वैद्यबुवांच्या ओसरीवर सकाळपासून एकशे सात माणसं कण्हत बसलीत. तीच तुमची आठवण काढताहेत."

"कशी... उक्!... आठवण?"

"ती दरबारात सांगण्यासारखी नाही! आता एकशे सात नावं घ्या, नाहीतर त्यांना माझ्या दुकानी धाडा. सर्दी-पोटदुखी मी बघते, मोठं दुखणं बुवांसाठी ठेवते. आठवण काढायला कुणी उरणारच नाही!"

राजे असे खदाखदा हसले, की उचकी कुठल्या कुठे पळाली!

"हिला मात्रेतलं काय कळतं?" शास्त्रीबुवा ताडकन ओरडले.

सगळा दरबार त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. सूर्य अजून चांगला दोन हात वर होता.

"बघा महाराज," गोजराबाई हात जोडून म्हणाली, "न औषध दिलं, न सांगितलं, बुवांना वाचासुद्धा फुटली!"

राजे डोळे पुसत पुन्हा हसले. गोजराबाईला साडीचोळी मिळाली, आणि नवा हुकूम सुटला, "दर श्रावणी सोमवारी वैद्यांची ओसरी गोजराबाईची!"