अत्तराची बाटली आणि मळका फिल्टर

गाडीतल्या वस्तू माणसांमागे एकमेकींची उणीदुणी काढत, त्या काळातली ही गोष्ट. उल्हास बेंद्र्यांच्या गाडीत काचेपाशी एक अत्तराची बाटली मिरवत असे. गाडीत कुबट वास यायचा, बेंद्रेवहिनी शिंकून हैराण व्हायच्या. बेंद्र्यांनी नजर लागली म्हणून गाडीला लिंबू-मिरची बांधली, मग बाटलीत आणखी अत्तर ओतलं. "माझ्यावाचून यांचं पान हलत नाही," बाटली फुशारली.

शेवटी वहिनी कडाडल्या, "मिरच्या कसल्या बांधताय? गॅरेजात न्या आधी!"

मेकॅनिकने समोरचा कप्पा उतरवला आणि त्यामागचा, आत येणारी हवा गाळणारा फिल्टर ओढून काढला. धूळ आणि पाचोळ्याने तो काळाठिक्कर पडला होता.

"शी! इतकी वर्षं मी या घाणेरड्याच्या शेजारी राहिले?" बाटलीने नाक मुरडलं. फिल्टर कचऱ्यात गेला.

त्याच्या जागी पांढराशुभ्र नवा फिल्टर बसला.

"चला, माझ्या तोलामोलाचं कुणीतरी आलं," बाटली म्हणाली.

"मी आजच आलोय, म्हणून पांढरा आहे," नवा फिल्टर म्हणाला. "तू तर इतकी वर्षं इथे आहेस. मग अजून एवढी स्वच्छ कशी?"