मेणाचा गोळा आणि राजाचे ताट

"मी झोपलेलो असताना वेळ पुढे गेलीच कशी?" मानदेव राजाने भर दरबारात विचारले. नव्या हत्तीवर बसण्याचा मुहूर्त सकाळचा होता. राजा उठला दुपारी. तोवर कंटाळलेल्या हत्तीने अंगावरची अर्धी झूल चघळून टाकली होती.

सगळा राग निघाला तो म्हाताऱ्या भिवावर. घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडायची, बुडाच्या बारीक छिद्रातून पाणी शिरून ती बुडाली की घंटेवर टोला द्यायचा, हे त्याचे काम. त्या टोल्यांवर सारे गाव उठे, जेवे, निजे. राजाने फर्मावले, उद्यापासून मी जागा होईपर्यंत पहाटेचा टोला पडता कामा नये. वेळ जरा जरी पुढे सरकली, तर तुला गाढवावर बसवून वेशीबाहेर हाकलीन.

भिवा घरी आला तो भाकरीला हात लावेना. त्याची लेक राही मात्र संतापली. बापाने उभा जन्म त्या वाटीकडे बघण्यात घालवला, त्याचे हे फळ?

"बाबा, जेवा गुमान," ती म्हणाली. "महाराजांनी सांगितलंय ना, मग अगदी तस्संच करू." आणि ती मेण शोधायला उठली.

तिने वाटीच्या छिद्राला मेण लावले. वाटी बुडेना, टोला पडेना. लख्ख उजाडले, तरी पहारेकरी उन्हात मशाली पाजळून "हुश्शार!" ओरडत फिरत राहिले. वेशीचा दरवाजा बंदच. आरवणाऱ्या कोंबड्यांना शिपायांनी दटावले. मुदपाकखान्यात तर चूलही पेटली नाही.

राजा उठला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. राहीने मेण काढले, पहाटेचा टोला पडला. भाटाने घाम पुसत भूपाळी म्हटली. राजा भलताच खूश झाला आणि त्याने ताट मागितले.

आचारी चाचरत म्हणाला की आत्ता कुठे पहाट झाली. आता स्नान, पूजा, दरबार, आणि माध्यान्हीचा टोला पडला की ताट. महाराजांच्या आजोबांपासूनचा रिवाज तो, मोडायचा कसा?

राजाने भराभर स्नान उरकले, पूजा उरकली. वाटी आपल्या संथ चालीने बुडत होती. राजाच्या पोटात कावळे कोकलू लागले. दिवस कलला तेव्हा तो स्वतःच घंगाळापाशी येऊन थडकला. भिवाच्या आधी राहीच पुढे झाली.

"दिवस मावळायला आला," राजा ओरडला, "माझं जेवण कुठंय?"

"दिवस मावळतोय, महाराज, पण वेळ सकाळचीच आहे. आपल्याच हुकमानं थांबली होती बिचारी."

"वेळ थांबवलीस, मग माझी भूक का नाही थांबवलीस?"

"वेळेला भोक होतं बुडाशी, तिथं मेण लावलं." राहीने मेणाचा गोळा पुढे केला. "भुकेचं भोक आपल्या नाकाखाली आहे, महाराज. हुकूम असेल तर लावते!"

राजाने आधी गोळ्याकडे पाहिले, मग हळूच तोंडावर हात ठेवला. आणि त्या हाताआडून असे हसू फुटले की त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. भिवाला शेला मिळाला, राहीला चांदीचे तोडे, आणि रोज पहाटे राजाच्या उशाशी टोला देण्याचा हक्क. तो तिने दुसऱ्याच दिवशी, जरा जास्तच जोरात, बजावला.