पाठवणीची फिल्म

“आता तुम्हीच सांगा बुवा, या चौघांतला कोणता फोटोवाला ठरवू?”

हणमंतरावांनी चार जाडजूड अल्बम मठाच्या ओट्यावर ठेवले आणि स्वतःही मटकन बसले. तीन आठवडे स्टुडिओंचे उंबरे झिजवून माणूस पार मेटाकुटीला आला होता. धाकटीचं लग्न दहा दिवसांवर, आणि यांचं अजून तळ्यात-मळ्यात!

केदारबुवा वाल सोलत होते. अल्बमांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

“कुणीही घे की.”

“कुणीही कसा? दुधानं तोंड पोळलंय माझं. थोरलीच्या लग्नात एका गाढवाला आणलं, त्यानं पाठवणीची पार माती केली. धाकटीचं तरी धड व्हायला हवं… तिसरी लेक नाही मला.”



“काय माती केली?”

हणमंतराव वाटच बघत होते. त्यांनी मोबाइलवर फिल्म लावली. बुवांनी धोतराला हात पुसून मोबाइल घेतला.

थोरली, केतकी, गाडीच्या दाराशी उभी. आई रडतेय, आत्या रडतायत. केतकी मात्र सरळ समोर बघतेय. कुणीतरी तिला धरून आत बसवतंय, तरी मान वळवून तिथंच बघतेय.

“बघा! अहो, कॅमेऱ्यात बघू नकोस, एवढं तरी सांगावं की नाही पोरीला? आणि अख्ख्या पाठवणीत मी कुठं दिसतो का, शोधून दाखवा!”

“तू कुठं होतास?”

“त्याच्या मागेच की, कानाशी! आमदारसाहेब फोटोत येत नव्हते. म्हटलं, बाबा रे, जरा डावीकडे घे, जरा…”

बुवांनी फिल्म पहिल्यापासून लावली आणि मोबाइल हणमंतरावांच्या हातात ठेवला.

शंभरदा पाहिलेली फिल्म. हणमंतराव कंटाळून बघू लागले.

…

लेकीचे डोळे कॅमेऱ्यात नव्हतेच. वीतभर वर होते, जरा उजवीकडे, फोटोवाल्याच्या कानाशी.

मोबाइल मांडीवर पालथा पडला. सात वर्षं त्या फोटोवाल्याला शिव्या घातल्या होत्या त्यांनी! आता कुणाला घालायच्या? त्यांना रडू फुटलं. बुवांनी रडू दिलं.

बऱ्याच वेळानं हणमंतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“मग बुवा… धाकटीच्या लग्नाला कुणाला सांगू?”

बुवांनी वालाची परात पुढ्यात ओढली.

“फोटोवाला कुणीही चालेल रे. मुलीचा बाप ठरवलास का?”