मधल्या रेषेवरची साळीण

एका राज्यात सिंहासन होते एक आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले मांत्रिक होते दोन. एकाचे नाव धूम्रकेतू, दुसऱ्याचे कृष्णदंष्ट्र. जुना राजा निपुत्रिक वारला, तेव्हा दोघांनी मिळून मैदानावर मंत्र घातला. दरवर्षी चैत्रात प्रजेने तिथे जमावे. ज्याच्या बाजूला अधिक माणसे उभी राहतील त्याने वर्षभर राज्य करावे. आणि जो कोणाच्याच बाजूला जाणार नाही, त्याचा पाषाण व्हावा.

धूम्रकेतू राजा झाला की घराघरातली निम्मी झोप काढून नेई. कृष्णदंष्ट्र राजा झाला की बोलू लागलेल्या मुलांचे आवाज नेई. तो एकदाच जिंकला होता. त्या वर्षीची मुले आता मोठी झाली होती आणि खुणांनी बोलत होती. म्हणून बहुतेक लोक दरवर्षी तांबारलेल्या डोळ्यांनी, जांभया देत धूम्रकेतूच्या बाजूला उभे राहात, आणि घरी येऊन त्यालाच शिव्या घालीत. ज्यांच्या घरी लहान मूल नव्हते असे काही झोप वाचवायला कृष्णदंष्ट्राकडे जात.

त्या नगरात कुमुदिनी नावाची साळीण राहात होती. नवरा हरिदत्त, आणि पदरी एक तान्ही मुलगी. कुमुदिनीचा भाऊ झोपेविना भ्रमिष्ट झाला आणि एका दुपारी नदीला रस्ता समजून आत चालत गेला. त्याचे दिवस उरकले, तशी ती उठली आणि डोंगरातल्या जुन्या खजिन्याकडे निघाली. तिथे शापित धनाच्या राशीवर, मेलेल्या राजाचा मुकुट पंखाखाली घेऊन, एक भारद्वाज बसलेला असे. धनाला हात लावणारा जळून जाई. पक्ष्याशी बोलणाऱ्याला काही होत नसे, पण बोलायला कोणी येतच नसे.

"पक्षिराज, हे दोघे कसे जातील?" तिने विचारले.

"तीन कामे कर," भारद्वाज म्हणाला. "धूम्रकेतूचे तळघर पाहून ये. कृष्णदंष्ट्राचे तळघर पाहून ये. आणि राज्य कोणाला द्यावे, त्याचे नाव घेऊन ये. भीतीपोटी घेतलेले नाव मला चालणार नाही."

कुमुदिनी शेला विकायच्या निमित्ताने धूम्रकेतूच्या वाड्यात शिरली. तळघरात झोपेचे रांजण असतील असे तिला वाटले होते. रांजण होतेच, पण त्यांच्या शेजारी काचेच्या कुप्यांत मुलांचे आवाज बोबडे बोल बोलत होते. मग ती कृष्णदंष्ट्राच्या वाड्यात गेली. तिथेही तसेच रांजण, तशाच कुप्या. वर पलंगावर तो हरलेला मांत्रिक प्रजेच्या झोपेवर गाढ घोरत होता.

तिने नगरात येऊन सांगितले, "कोणी हरो, कोणी जिंको, लूट दोघे वाटून घेतात."

"घेत असतील," लोक म्हणाले. "पण निदान पोरांचा आवाज तरी वाचतो."

"मग राजा कोण व्हावा असे तुम्हाला वाटते?"

"कृष्णदंष्ट्र नको."

"नको कोण ते मी विचारले नाही. हवा कोण?"

कोणालाच नाव सुचेना. कुमुदिनी स्वतःशी विचार करू लागली, तर तिलाही सुचेना. ती भिंतीला टेकून रडली. शेवटी तिला गिरजा आठवली. दुष्काळात कालव्याचे पाणी वाटताना सगळ्यांशी भांडणारी, आणि आपला वाटा शेवटी घेणारी.

ती डोंगरावर परतली. भारद्वाज म्हणाला, "नाव मला सांगू नकोस. मैदानाच्या मधल्या रेषेवर उभी राहून सांग. मंत्रात दगड आहे तो एका माणसाला पुरेल इतकाच."

"आणि दुसरे कोणी आलेच नाही तर?"

"तर तो तुला पुरेल."

चैत्र आला. मैदान भरले, दोन बाजूंना दोन मांत्रिकांचे ध्वज लागले. कुमुदिनी मधल्या रेषेकडे वळली तसा हरिदत्ताने तिचा हात धरला. त्याच्या कडेवर मुलगी होती. कालच ती पहिल्यांदा 'आई' म्हणाली होती.

"तू इथली कमी झालीस की कृष्णदंष्ट्राचे पारडे जड झाले," तो म्हणाला. "आपली पोर मुकी होईल. तुला कळते ना?"

"कळते. आणि इथे उभी राहिले तर ती माझ्या भावाच्या वाटेने जाईल. सोड."

ती रेषेवर उभी राहिली. पाऊल दगडाचे झाले. मग घोटा, मग गुडघा. ती ओरडली, "मला गिरजा हवी!"

कोणी हलले नाही. कृष्णदंष्ट्र हसला. दगड कमरेला आला.

गर्दीतून एक मुकी तरुणी बाहेर आली आणि तिच्याशेजारी उभी राहिली. तिने बोटाने एका म्हाताऱ्या शिक्षकाकडे दाखवले. मग एक कोष्टी आला, मग दोघी बहिणी. धूम्रकेतूची बाजू विरळ होत चालली. कृष्णदंष्ट्राचे लोक मात्र जागेवरच होते. आता तेच अधिक दिसत होते. माणसे मोजणाऱ्याने निकालाचे शिंग फुंकायला उचलले. रेषेवर आलेल्यांच्या पावलांनाही थोडा दगड लागला, तरी उरलेला कुमुदिनीच्या छातीशी आला, तिला श्वास घेता येईना.

हरिदत्ताने लेकीचे डोके छातीशी दाबले, डोळे मिटले आणि तो रेषेवर चालत आला. मोठ्याने म्हणाला, "मला रत्नाकर वैद्य हवा!"

त्याच्यामागून बांध फुटल्यासारखी माणसे आली. कृष्णदंष्ट्राच्या बाजूचीही आली. प्रत्येकाच्या तोंडी कोणाचे ना कोणाचे नाव होते. दगड वाटला गेला, पातळ झाला, आणि शेवटी प्रत्येकाच्या पावलांवर नुसती धूळ उरली. दोन्ही ध्वजांखाली चिटपाखरूही नव्हते. मंत्र तुटला. तळघरांतले रांजण आणि कुप्या आपोआप फुटल्या, झोप आणि आवाज ज्याचे त्याला परत मिळाले, आणि ते दोन मांत्रिक भर उन्हात, माणसांदेखत, वाळल्या पाचोळ्यासारखे उडून गेले.

मग भांडण सुरू झाले. नावे फार होती. माणसे दिवसभर हात वर करीत राहिली, मोजत राहिली, पुन्हा मोजत राहिली. शेवटी सर्वाधिक हात ज्याच्यासाठी वर आले त्या रत्नाकर वैद्याच्या डोक्यावर भारद्वाजाने मुकुट आणून ठेवला आणि सर्वांसमक्ष सांगितले, "एका वर्षासाठी."

कुमुदिनीची गिरजा हरली होती. ती नव्या राजाजवळ गेली आणि म्हणाली, "महाराज, मी तुमच्या बाजूने नव्हते."

"मला ठाऊक आहे," वैद्य म्हणाला. "पुढल्या चैत्रात याल ना?"

"येईन," ती म्हणाली, आणि हरल्यावरही आपल्याला कसलीच भीती वाटत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आले.